रॅलीतला फाटा कसा धरायचा

दिवाळी झाली की एखादा तरी पोरगा नाशिकच्या अंबडला माझ्या वर्कशॉपवर येतोच. बहुतेकांकडे जुनी पोलो असते, सायलेन्सर बदललेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "काका, रॅली करायचीय. रोल केजला किती जातील?" मी चहा मागवतो, गाडीतल्या त्या लोखंडी पिंजऱ्याचा आकडा सांगतो, पोरगा गप्प होतो. मग मी विचारतो, "पहाटे पाच ते दुपारी एक, एका फाट्यावर, जागा न सोडता उभा राहशील का?" दहातले आठ परत फिरकत नाहीत. दोघं येतात. हे लिहितोय ते त्या दोघांसाठी.

आधीच सांगतो, मी रॅलीत कधी गाडी चालवलेली नाही. बाजूला बसून ड्रायव्हरला वळणं सांगणाऱ्या पेस नोट्सही वाचलेल्या नाहीत. मी मार्शल, म्हणजे रॅलीच्या वाटेवर फाट्याशी उभं राहून कुणालाही मध्ये येऊ न देणारा. नाशिकच्या आजूबाजूला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा सिन्नरकडच्या माळावर धूळ खाल्ली, बाहेरगावच्या रॅलींनाही सुट्टी टाकून गेलो. पुढे एकेका स्टेजची, म्हणजे रहदारी बंद करून घड्याळ लावून गाड्या पळवतात त्या तुकड्याची, जबाबदारी अंगावर आली. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. वायरलेस तीन फाट्यांत मिळून एक, आणि मधल्या माणसाने ओरडून निरोप पोचवायचा.

राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९८८ पासून चालू आहे. एक काळ असा होता की एमआरएफ आणि जेके टायरच्या टीम एकमेकींना पाण्यात पाहायच्या. हरी सिंगची जिप्सी येणार म्हटलं की आमच्या सातपूरचे कामगार सेकंड शिफ्ट बदलून घ्यायचे. नंतर नरेन कुमार, मग गौरव गिल. गिल तर २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये एशिया-पॅसिफिकचा चॅम्पियन झाला, २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार घेऊन आला. आणि नेमकं तेव्हाच घरची स्पर्धा मात्र रोडावत होती. कॅलेंडर छापायचं, राउंड गाळायचे, तारखा बदलायच्या, पुढच्या वर्षी प्रमोटर नवा.

का, असं विचारलं की जो तो पैसा म्हणतो. पैसा आहेच. शिवाय गाड्या गेल्या. एस्टीम गेली, जुनी बलेनो गेली, सीडिया गेली, २०१९ ला जिप्सी आणि २०२२ ला पोलो. स्वस्तात घ्यावी, ठोकावी, पुन्हा उभी करावी अशी गाडी नव्या पोरांना उरली नाही. रस्त्यांचं कुणी बोलत नाही. डिसेंबर २००० मध्ये ग्राम सडक योजना आली आणि आमच्या कच्च्या रस्त्यांवर एकेक करून डांबर पडलं. गावाचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रॅलीवाला माणूस गुळगुळीत डांबर बघून हळहळतो तसा जगात दुसरा कुणी हळहळत नसेल.

आणि मग जोधपूरची रॅली. २१ सप्टेंबर २०१९. चालू स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे जागेवर गेले. त्या दिवशी मी नाशकात होतो. बातमी ऐकल्यावर डोक्यात ना ड्रायव्हर आला ना गाडी. आला तो फाटा. ती मोटरसायकल कुठून तरी रस्त्यावर आली असेल, आणि ती जागा कुणाची तरी असेल. रॅली परत उभी करायची तर गाड्या जमवणारे जमवतील. रस्ता धरणारी माणसं कोण जमवणार, हा माझा प्रश्न आहे, आणि तेवढंच मला शिकवता येतं.

एक कायद्याची गोष्ट आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ असं सांगतं की राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं आणि तिच्यात भाग घेणं दोन्ही गुन्हा. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून कुणी मित्र म्हणाला, "रविवारी पहाटे गिरणारे रोडला दोन-चार गाड्या सोडू, तू फक्त कोपऱ्यावर उभा राहा," तर उभं राहायचं नाही. तिथे उभा राहणारा मार्शल नव्हे, साथीदार.

आता फाटे. बारा किलोमीटरची एक स्टेज होती आमची, सिन्नरच्या पुढे. कागदावर नकाशा बघून अकरा फाटे मोजले. मोटरसायकलवरून गेलो तर सव्वीस निघाले. शेवटी एका सकाळी दोघं जण पायी चाललो, तेव्हा चौतीस. हा फरक कुठून येतो ते नीट समजून घ्या, कारण निम्मं काम इथेच आहे. पायी चालताना नजर खाली ठेवायची. कडेच्या गवतात मोटरसायकलच्या एका चाकाची रेघ गेलीय का? बांध एका जागी झिजून गुळगुळीत झालाय का? शेण ताजं आहे का, आणि कोणत्या बाजूला पडलंय? शेण पडलंय म्हणजे रोज तिथून जनावरं रस्ता ओलांडतात. काटेरी फांदी लावून बंद केलेली वाट बंद नसते. ती फांदी शेळ्यांसाठी असते, माणूस ती रोज दोनदा सरकवतो. प्रत्येक वाट वहीत लिहायची: गाडीची, मोटरसायकलची, जनावरांची की नुसती पायवाट. सगळ्यात घातक मोटरसायकलची. ट्रॅक्टरचा आवाज लांबून येतो, बैल आपल्या गतीने येतो, मोटरसायकल बांधाआडून एकदम समोर येते.

मग गाव. रॅलीवाले लोक आधी सरपंचाकडे जातात, हार-नारळ होतो, फोटो निघतो. माझं मत असं की आधी पोलीस पाटलाकडे जावं आणि तिथून थेट दूध डेअरीवर, सकाळी साडेसहाला. अख्खं गाव कॅन घेऊन तिथे आलेलं असतं आणि कुणालाच बसायला वेळ नसतो, त्यामुळे बोलणं मुद्द्याचं होतं. विचारायच्या गोष्टी अशा. दुधाची गाडी कधी येते? मुक्कामी एसटी कधी सुटते? बाजार कोणत्या वारी? त्या आठवड्यात सप्ताह आहे का, कुणाचं लग्न आहे का, कुणाचा दहावा आहे का? आणि एक प्रश्न शहरातला पोरगा कधीच विचारत नाही: मळ्यातली लाईट त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, आणि किती वाजता येते? शेतीपंपाची लाईट सकाळी साडेआठला येणार असेल, तर साडेआठला स्टेजवरचा प्रत्येक शेतकरी मोटर चालू करायला निघणार. तुमची रस्ता अडवायची टेप, शिट्टी, झेंडा, काही कामाला येत नाही, कारण त्याचं बरोबर असतं. पाणी आठवड्यातून मोजके तास मिळतं. म्हणून स्टेजची वेळ लाईटच्या वेळेवरून ठरवायची, लाईट काही तुमच्यासाठी बदलत नाही.

दिंडोरी-निफाडच्या बाजूला कच्चा रस्ता कितीही देखणा दिसला तरी तिकडे स्टेज मागू नका. चाळीस गाड्यांची धूळ द्राक्षाच्या घडावर बसली की एक्सपोर्टचा माल गेला. बागाईतदार तुम्हाला हाकलेल आणि मी त्याच्या बाजूने उभा राहीन. माळ बघा, मुरुमाचा, ज्याच्या दोन्ही बाजूंना फार तर बाजरी नाहीतर हरभरा असेल. समृद्धी महामार्ग झाल्यापासून सिन्नर-इगतपुरीकडचे जुने रस्तेही कुठे तुटलेत, कुठे महामार्गाखालच्या बोगद्यातून वळलेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या वहीवर विसंबू नका. मी विसंबलो होतो, सर्व्हे करायला गेलो आणि अर्धा दिवस वाया घालवून आलो.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो आणि सांगताना अजून खाली बघतो.

दुसऱ्या फेरीची वेळ. मी एकोणिसाव्या फाट्यावर. पहिली फेरी व्यवस्थित झालेली, ऊन तापलेलं. वरच्या वस्तीवरचा एक पोरगा किटलीतून चहा घेऊन आला आणि चाळीस पावलांवर बाभळीखाली थांबला. मी गेलो. चाळीस पावलं, जास्त नाही. पेला हातात घेतला आणि टेकडीमागून गिअर पाडल्याचा आवाज आला. मागे वळून बघतो तर माझ्या फाट्याच्या जरा अलीकडे, जिथे नुसता कोरडा ओहोळ रस्त्याला येऊन मिळतो, तिथून एक मोटरसायकल वर चढत होती. मागे बाई, तिच्या मांडीवर औषधाची पिशवी. मी शिट्टी तोंडात घातली आणि धावलो. पळताना शिट्टी नीट वाजत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. श्वासच पुरत नाही. मोटरसायकलवाल्याने मला बघितलं, रस्त्यावर यायच्या आधी दोन हातांवर ब्रेक मारला, आणि गाडी समोरून गेली. पाचेक सेकंद काही दिसेना. धूळ बसली तेव्हा बाईने पदर नाकाला लावलेला आणि तो माणूस मला म्हणाला, "आरं, सांगायचं ना आधी."

त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा मळा ओहोळाच्या पलीकडे. ओहोळ ही शीव. पलीकडे दुसरी ग्रामपंचायत, आणि आम्ही रस्ता ज्या गावातून जातो त्याच गावात दवंडी दिली होती. माझ्या वहीत तो ओहोळ 'पाणी, वाट नाही' असा लिहिलेला होता, कारण सर्व्हे पावसाळ्याच्या शेवटी केला होता आणि तेव्हा त्यात पाणी होतं.

तर तिथून दोन गोष्टी घट्ट बांधल्या. सर्व्हे दोनदा करायचा, एकदा लवकर आणि एकदा रॅलीच्या आदल्या आठवड्यात. आणि शिवेच्या दोन्ही बाजूंच्या गावांना सांगायचं, रस्ता त्यांचा नसला तरी. चहाचं सांगायला नको. फाट्यावर दोघं हवेत, ते याचसाठी. एकाने हललं तर दुसऱ्याचे डोळे रस्त्यावर.

उभं कुठे राहायचं? फाट्याच्या तोंडाशी नाही. आडव्या रस्त्यात तीस पावलं आत पहिली टेप बांधायची आणि माणसाने तिथे राहायचं, म्हणजे येणारा तिथेच थांबतो. दुसरी टेप तोंडाशी, पण तिच्यामागे कुणालाही उभं करायचं नाही. आडवी मोटरसायकल लावून रस्ता अडवायचा नाही. गाडी सुटून त्या बाजूला आली तर ती मोटरसायकलच तुमच्या अंगावर येते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नाही. आतली बाजू, उंचवटा, आणि पळायची वाट आधीच बघून ठेवलेली. बसायचं नाही. खुर्ची आणली की माणूस बसतो, बसला की उठायला दोन सेकंद जास्त लागतात.

सोबत काय घ्यायचं? शिट्टी गळ्यात दोरीला, खिशात नको. घड्याळ स्टेजच्या घड्याळाशी सेकंदाला मिळवलेलं. टेपचे तीन रोल, चाकू, टोपी, दोन लिटर पाणी, चिवडा किंवा दशम्या. नंबर लिहायला पुठ्ठा आणि पेन्सिल, कारण घामाने पेनची शाई पसरते. हेडफोन घरी ठेवायचे. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या मार्शलला मी पहिल्या गाडीनंतर घरी पाठवतो. आतापर्यंत तिघांना पाठवलंय, त्यातला एक माझा भाचा होता.

सकाळचा क्रम असा. पहिल्या गाडीच्या तास-दीड तास आधी रस्ता बंद. मग आयोजकांच्या गाड्या येतात. तीन शून्यांची, दोन शून्यांची, शेवटी एका शून्याची. तिला आपण झिरो कार म्हणतो. त्या शोभेच्या नाहीत. प्रत्येक गाडी तुमच्याकडे बघत जाते, आणि तुमची टेप सैल असेल किंवा फाट्यावर माणसं साचलेली असतील तर स्टेज सुरूच होत नाही. झिरो गेली की त्यानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नको. मग स्पर्धक, साधारण मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने. प्रत्येक नंबर पुठ्ठ्यावर लिहायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं. पण सात नंबर गेली, नऊ गेली आणि आठ आली नाही, तर आठ तुमच्या आणि मागच्या पोस्टच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि हे त्या क्षणी जगात फक्त तुम्हा दोघांना माहीत असतं. लगेच वायरलेस.

उभी राहिलेली गाडी दिसली तर आधी पाटी बघा. गाडीतल्या रोडबुकात, म्हणजे वाटेच्या वहीत, एका बाजूला हिरवं 'ओके' आणि दुसऱ्या बाजूला लाल 'एसओएस' असतं. ओके दाखवत असतील तर तसं कळवा आणि आपल्या फाट्यावरच राहा. एसओएस असेल, किंवा कुठलीच पाटी दिसत नसेल, तर गंभीर समजून कळवा. गाड्या थांबवायचा झेंडा वायरलेसवरून सांगितल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. घाबरून दाखवलेल्या झेंड्याने एखाद्याची अख्खी रॅली बसते.

शेवटची गाडी गेल्यावरची दहा मिनिटं सगळ्यात वाईट. लोकांना कळतं की संपलं. मोटरसायकली चालू होतात, पोरं रस्त्यावर येतात. पण संपलेलं नसतं. मागे पडलेली एखादी गाडी फुल स्पीडने येत असू शकते. स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारी आयोजकांची गाडी, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही, समोर प्रत्यक्ष आमदार उभे असले तरी.

लोकांशी बोलायचं कसं? "रस्ता बंद आहे" म्हणू नका. त्यांच्या बापजाद्यांचा रस्ता आहे, तो बंद करणारे तुम्ही कोण? मी म्हणतो, "बाबा, जरा थांबा, अजून बारा गाड्या आहेत, मोजा माझ्यासोबत." म्हातारा माणूस मोजायला लागला की तो तुमचा मार्शल झाला. वेळ सांगितली तर खरी सांगा. वीस मिनिटं म्हणून तास लावलात की दुसऱ्या फेरीला तोच माणूस टेप तोडून जाईल. आणि साप चावलेला, बाळंतीण, छातीत दुखणारा आला तर हुज्जत घालायची नाही, सोडायचंही नाही. वायरलेसवर स्टेज थांबवायला सांगा, थांबल्याचा निरोप आला की पाठवा. स्टेज रद्द होईल, ड्रायव्हर चिडतील, त्यांना नियमाप्रमाणे वेळ दिली जाईल. चिडू देत.

टाइम कंट्रोलवर, म्हणजे गाड्यांची वेळ नोंदवतात तिथे, बसायची हौस सगळ्यांना असते, सावली असते तिथे. ते काम नंतर शिका. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: उशिरा आला तर मिनिटाला दहा सेकंद, लवकर आला तर मिनिटाला एक मिनिट दंड. म्हणून कंट्रोलच्या पिवळ्या पाटीपाशी गाड्या घुटमळताना दिसतात. त्यांना हाताने बोलवायचं नाही.

सुरुवात कुठून करायची? मोटरस्पोर्टच्या फेडरेशनशी संलग्न क्लब शोधा, आधी ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वाटेवरची शर्यत) आणि टीएसडीला (ठरलेला वेग आणि वेळ राखायची रॅली) हात लावा. मग रेल्वेचं तिकीट काढा. दक्षिणेत रॅली तगली, कारण तिथले क्लब तगले. बंगळूरची के-१०००, चेन्नईची साउथ इंडिया रॅली, कोइम्बतूर, कोडगूची रोबस्टा. कुठल्याही एकीला चिठ्ठी पाठवून पाहुणा मार्शल म्हणून जायची तयारी दाखवा. फुकट काम करायला तयार असलेल्या माणसाला सहसा कुणी नाही म्हणत नाही. भाषा येत नाही याची काळजी नको, शिट्टीला भाषा नसते.

नाशकात हत्यार चालवणारे हात भरपूर आहेत. एकीकडे महिंद्रा, एकीकडे बॉश, अंबड-सातपूरच्या गल्ल्यांत टर्नर-फिटर. गाडी बांधायला इथे कुणी अडणार नाही. अडणार ते तारखेला. २०२७ चा सिंहस्थ होईपर्यंत पोलिसांकडे बंदोबस्त मागायला जाणंही बरं नाही, त्यांचीच दमछाक चाललेली असेल. तोवर सराव करा. मी दोन महिन्यांतून एका रविवारी सात-आठ जणांना माळावर नेतो. रस्ता चालूच असतो, आम्ही काही अडवत नाही. फक्त प्रत्येकाने आपल्या फाट्यावर तीन तास उभं राहून काय काय आलं ते लिहायचं. मागच्या खेपेला एकाच्या यादीत छत्तीस मोटरसायकली, चार ट्रॅक्टर, एक वरात आणि दोनशेच्या आसपास मेंढ्या होत्या. मेंढ्या त्याने मोजल्या होत्या म्हणून त्याला पुढच्या वेळी वायरलेस दिला.

चौतीस फाटे म्हणजे अडुसष्ट माणसं. माझ्या वहीत सध्या चौदा नावं आहेत.

शेवटचं काम टेपचं. रॅली संपली, गाड्या दुरुस्त होतात त्या सर्व्हिस पार्कात फटाके वाजत असतात, सगळ्यांना तिकडे जायची घाई. तुम्ही टेप गोळा करा. झाडाला बांधलेली गाठसुद्धा कापून आणा, ओढून तोडलेला तुकडा मागे ठेवू नका, कारण संध्याकाळी जनावरं त्याच वाटेने परततात आणि गाय प्लास्टिक खाते. रोल मोजून परत द्या. मग डेअरीवर जा, रस्ता मोकळा झाल्याचं सांगा आणि संध्याकाळची दुधाची गाडी वेळेवर गेली का ते बघूनच घरी निघा.